साहेबाचं घावन

मी माझ्या आत्याला अंडं खायला घातलं. नकळत घडलेली गोष्ट नव्हे ती. डब्यावर काय छापलं आहे ते मी आधी वाचलं होतं, आणि वाचूनही तवा चुलीवर ठेवला होता. त्यानंतर एकदा नव्हे, दोनदा तिच्याशी खोटं बोललो. पहिलं खोटं तिच्या प्रकृतीसाठी होतं अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. दुसऱ्यासाठी मला आजवर कसलीही सबब सापडलेली नाही.

ज्यांच्या घरी अंडी होतात त्यांना यात एवढं लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. आत्या निपाणीकडच्या एका खेड्यात दिली होती. तिचं लग्न झालं तेव्हा ती परकर नेसत होती आणि नवरा गेला तेव्हा नुकती लुगडं नेसायला लागली होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तिला बेळगावला खासबागेतल्या घरी परत आणलं. पुढे माझी आई गेली, आप्पा गेले, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझी बायको बाळंतपणात गेली. मी पुन्हा लग्न केलं नाही. घरात राहिलो आम्ही दोघं. आत्याला ना जमीन, ना दागिना, ना मूलबाळ. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, तिचं सोवळं. काय खायचं, कुणाच्या हातचं खायचं, केव्हा खायचं, एवढ्यापुरतं तिचं राज्य होतं, आणि तिथे तिनं आप्पांचंही कधी ऐकलं नव्हतं.

मी कँपातल्या एका दुकानात कारकून होतो. साहेब लोकांना लागणारा डब्यातला माल तिथे मिळे: मुरंबे, बिस्किटं, दुधाची भुकटी, मासे. लढाईच्या वर्षांत छावणीत गोरे सोल्जर वाढले, आणि विलायतेच्या जोडीला अमेरिकेचाही माल येऊ लागला. त्यात एक पिठाचा डबा होता. वर पिवळ्या चकत्यांची चवड रंगवलेली, खाली कृती. पीठ घ्या, पाणी किंवा दूध घाला, तव्यावर ओता. बस्स. पोचे पडलेले डबे साहेब घेत नसत, ते मालक आम्हा नोकरांना देऊन टाकी. तसाच एक डबा माझ्या वाट्याला आला आणि बरेच दिवस माझ्या टेबलाखाली पडून राहिला.

त्या पावसाळ्यात आत्याला हिवताप आला. ताप गेला, पण तोंडाची चव घेऊन गेला. दात आधीच पडले होते. रेशनचा जोंधळा जाडाभरडा, त्याची भाकरी दुधात कुस्करली तरी तिच्या घशाखाली उतरत नसे. तांदूळ मिळायचा तो मुठीमुठीनं. उठून चुलीपाशी बसण्याची ताकद तिच्यात नव्हती, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खाणार नव्हती. मी आंघोळ करून ओल्या पंचानं जे शिजवीन तेवढंच तिला चाले. मला तर वरणभाताच्या पुढचं काही येत नव्हतं. ती दोन घास घ्यायची आणि ताट सारायची. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेजारच्या हातमागांचा खटखटाट दिवसभर चालायचा, घरात मात्र आमचं एकमेकांशी बोलणं असं नव्हतंच. पूर्वीही फारसं नव्हतं. मी दुकानातून यायचो, ती वाढायची, मी जेवायचो. आता तेवढंही उरलं नव्हतं.

तेव्हा मला त्या डब्याची आठवण झाली.

दुकानात एका मेजरसाहेबाचा गोवेकर बटलर यायचा. मी त्याला डबा दाखवून विचारलं, हे करतात कसं.

"कशाला बाबू? घरी मडम ठेवली काय?"

"माझी आत्या आजारी आहे. मऊ काहीतरी पाहिजे."

"मग याच्यापेक्षा मऊ काय मिळणार नाय. दूध घाल, सरसरीत भिजव, तव्यावर ओत. वर भोकं पडली की उलट. एकदाच हां. दोनदा उलटलं की चप्पल होते."

"आणि अंडं?" मी हळूच विचारलं. साहेबांच्या पदार्थांत अंडं असतंच हे मला दुकानातल्या गप्पांवरून ठाऊक होतं.

"अंडं आतच असतं ना, सुकवून. म्हणून तर सोपं काम." त्यानं डबा फिरवून कडेची बारीक अक्षरं मला बोटानं दाखवली. मी ती वाचली. गव्हाचं पीठ, साखर, मीठ, दुधाची भुकटी, पीठ फुगवायची पूड, आणि वाळवलेलं अंडं. शेवटचा शब्द दुसऱ्या ओळीत एकटाच पडला होता.

मी डबा घरी आणला. रस्ताभर स्वतःशी वाद घालत आलो. वाळवून पूड केल्यावर त्यात अंड्याचं काय उरलं, असंही म्हणून पाहिलं. घरी पोचलो तेव्हा ती तशीच पडलेली होती, सकाळचं ताट तसंच झाकलेलं. वाद संपला.

आत्यानं डबा पाहिला आणि कोपरावर उठून बसली. "काय हाय रं त्यात?"

"पीठ आहे. साहेब लोक याची घावनं करतात."

"काय काय घातलंय? वाच बघू."

मी डबा उजेडाकडे धरला आणि शाळेत धडा म्हणावा तसा मराठी करून वाचून दाखवला. गव्हाचं पीठ. साखर. मीठ. दुधाची भुकटी. फुगायची पूड. तिथे थांबलो.

ती जरा विचार करत राहिली. मग म्हणाली, "कोरडंच हाय न्हवं? कोरड्या पिठाला विटाळ न्हाई. गिरणीतनं येतंच की. पाणी लागलं की मग लागतो. तू आंघोळ करून भिजव."

तिच्या शास्त्राप्रमाणे ती बरोबर होती. पीठ कुठल्या देशातून आलं, कुणाचे हात लागले, याची तिला फिकीर नव्हती. पाण्याशी गाठ पडेपर्यंत धान्य निर्मळच. सगळा भरवसा होता तो त्यात काय आहे यावर, आणि ते तिला मी वाचून दाखवलं होतं.

पहिलं घावन बिडाच्या तव्याला चिकटलं. दुसरं जळलं. तिसऱ्याला जाळी पडली, मी एकदाच उलटलं, तूप सोडलं आणि पानावर घालून तिच्यापुढे ठेवलं. तिनं बोटानं दाबून पाहिलं.

"कापसागत हाय," म्हणाली. तुकडा तोंडात घातला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती हिरड्यांनी हळूहळू चघळत राहिली आणि मग मला म्हणाली, "असा काय बघायलास? दुसरं घाल की."

त्यानंतर दर रविवारी सकाळी आमच्या घरी घावनं होऊ लागली. पोचे पडलेला डबा मिळाला नाही तर मी चांगला विकत घ्यायचो. ती त्याला साहेबाचं घावन म्हणायची. तिच्या गालावर थोडं मांस आलं. ती भिंत धरून परसात जाऊ लागली, मग भिंतीशिवाय. पण मला त्या रविवारांचं आठवतं ते दुसरंच. ती बोलायला लागली होती. मी तव्यापाशी, ती पाटावर, आणि एक घावन संपून दुसरं होईपर्यंतच्या वेळात ती सासरच्या गोष्टी सांगायची. तिची सासू तंबाखू कशी मळायची आणि शिंकली की गोठ्यातल्या म्हशी कशा दचकायच्या, हे ती करून दाखवायची. नवऱ्याचा चेहरा आपल्याला आठवत नाही, हे तिनं मला अशाच एका रविवारी सांगितलं. "पाय आठवतात," म्हणाली. "मान खाली घालूनच सगळं झालं." मी चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि माझ्या घरात राहणाऱ्या या बाईशी माझी ओळख तेव्हा होत होती. बारीक अक्षरातली ती ओळ मी विसरलो होतो असं नाही. हे रविवार हातचे जाऊ नयेत असं मला वाटत होतं.

मग पितृपक्ष आला. आप्पांची तिथी.

आदल्या संध्याकाळी तिनं मला वाटाणे निवडायला बसवलं आणि स्वयंपाकाची यादी तोंडानं म्हणत राहिली. मधेच तिचं काय ठरलं मला कळलं नाही. सकाळी मी विहिरीवरून आंघोळ करून आलो तर ती ओल्या लुगड्यानं चुलीपुढे बसलेली. डबा उघडा. परातीत पीठ, त्यात दूध, आणि तिचा हात मनगटापर्यंत आत.

"तुझ्या आप्पाला गोड लई आवडायचं," ती म्हणाली. "त्याच्या पानावर दोन घालू. गव्हाचंच हाय, दूध हाय. चालतंय सगळं."

माझ्या तोंडून निघालं, "थांब आत्या. ते नको. त्यात अंडं आहे."

तिचा हात जागच्या जागी राहिला. पीठ बोटांवरून थेंबाथेंबानं परातीत गळत होतं. मला वाटलं आता ती विचारील, आणि मी सांगेन. पण ती काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "आजच बघितलं मी. आधी लक्ष गेलं नव्हतं. बारीक अक्षर आहे."

हे माझं दुसरं खोटं.

ती उठली. परात परसात नेऊन शेवग्याच्या बुंध्याशी ओतली, माती लोटली. पुन्हा आंघोळ केली. चूल सारवून नव्यानं पेटवली आणि उरलेला सगळा स्वयंपाक केला. भटजी आले, जेवले, पानाला कावळा शिवला. तिनं कुणालाही काही कळू दिलं नाही. सगळं आवरल्यावर ती माजघरात बसली आणि मला म्हणाली, "तू कशाला तोंड पाडून बसलायस? तुझी काय चूक? साहेबाची भाषा, ती पण मुंगीएवढ्या अक्षरात. माझ्याच जिभेला या वयात चव सुटली. मुकाट्यानं भाकरी खाल्ली असती तर हे झालं नसतं."

तिनं सगळा दोष उचलून आपल्या डोक्यावर घेतला आणि मी तो घेऊ दिला.

त्या दिवसापासून तिनं गहू सोडला, गोड सोडलं आणि एक वेळच जेवायचं ठरवलं. तिची चूल तिनं वेगळी मांडली. मला विटाळ झाला म्हणून नव्हे, आपल्याला झालाय म्हणून. माझ्या अन्नाला तिचा हात लागू नये म्हणून. एका स्वयंपाकघरात दोन चुली, आणि आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. दसरा झाल्यावर ती म्हणाली, कणकुंबीला जाऊन राहते. तिथं तिच्या नणंदेचं घर होतं. नदीच्या उगमावर रोज स्नान करीन, म्हणाली, पाप फिटलंसं वाटलं की येईन.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते मला काय ठाऊक. जिभेनं किती खाल्लं त्यावर हाय."

ती गेली. मी सकाळी दुकानात जायचो, दुपारी बाकावर बसून फुटाणे खायचो, संध्याकाळी घरी यायचो. दिवा लावायचा आणि बसायचं. शेजारी माग बंद झाले की इतकं शांत व्हायचं की मला माझंच घोट गिळणं ऐकू यायचं. फडताळात एक डबा उरला होता. एका रविवारी मी तो उघडून घावनं केली. आता हात बसला होता, एकही चिकटलं नाही. चवड पुढे घेऊन बसलो आणि पहिला तुकडा तोंडात घेतल्यावर लक्षात आलं की हे मला मुळी कधी आवडलंच नव्हतं. मी ते तिच्याबरोबर खात होतो एवढंच.

थंडीत मी तिला भेटायला गेलो. जांबोटीपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी, दोन्ही बाजूंना दाट रान. आत्या काठीसारखी झाली होती. पहाटे त्या गार पाण्यात उतरायची आणि दुपारी मूठभर भात खायची. मी नेलेला तांदूळ घेतला, गूळ परत केला. नणंद माझ्यापुढेच तिला म्हणाली, "वैनी, चुकून झालं ते. आता पुरे की."

आत्या म्हणाली, "चुकून तोंडात जातं गं. पण आवडलं ते काय चुकून?"

मी तिथेच बसलो होतो. हातात चहाचा पेला होता. सांगायचं म्हणूनच गेलो होतो, आणि न सांगता गाडीत बसलो.

होळीच्या सुमाराला सर्व्हिस मोटारीचा क्लीनर दुकानात माझ्याकडे एक पुरचुंडी घेऊन आला. जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधलेली, दोन शेर तरी असेल.

"कणकुंबीच्या आजीनं दिलंय. पीठ हाय घावनाचं. म्हणाली, त्याला तवा येतोय आता, नुसतं पाणी घालायला सांग. उपाशी ऱ्हाऊ नको म्हणावं."

"बरं."

"आणि हे पण सांगायला सांगितलंय." तो पोरगा आठवून आठवून बोलत होता. "तांदूळ. थोडं उडीद. थोडी मेथी, भाजून. दुसरं काय न्हाई त्यात. असं सांग म्हणाली. दुसरं काय न्हाई."

घरी येऊन मी पुरचुंडी सोडली आणि आधी नाकाशी धरून वास घेतला, काय काय आहे ते बघायला. वास घेता घेता थबकलो. तिनं सांगून पाठवलं होतं, एकूण एक जिन्नस, न गाळता. मी कधी विचारलंही नव्हतं. माझी लाज मला त्या एका क्षणी जेवढी वाटली तेवढी त्या पितृपक्षातल्या सकाळीही वाटली नव्हती. एवढं पीठ दळायला त्या हातांना किती वेळ लागला असेल. मी आंघोळ केली, पाणी घालून पीठ भिजवलं आणि तवा ठेवला. तांदळाची, मेथीची ती पातळ घावनं मी एकट्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून रजा घेतली.

कणकुंबीला पोचलो तेव्हा ती ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. नणंद शेतात गेली होती. मी तिच्यापुढे बसलो.

"पीठ मिळालं?" तिनं विचारलं.

"मिळालं. चांगली झाली."

"चिकटली न्हाईत?"

"नाहीत." मग मी म्हणालो, "आत्या, मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं."

"काय?"

"डब्यावरचं."

ती खडे वेचतच राहिली. "तू तर वाचून दाखवलंस की मला."

"शेवटचं सोडून."

सूप थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. रानाच्या बाजूला पाहत राहिली. मग म्हणाली, "मग आप्पाच्या तिथीला का सांगितलंस?"

"त्यांच्या पानावर जाणार होतं."

"व्हय. त्याच्या पानावर चालत न्हाई." तिनं सुपातला एक खडा उचलला, बोटात फिरवून ओट्याखाली टाकला. "आणि माझ्या चालत होतं?"

येताना गाडीत मी उत्तरं जुळवून आणली होती. तू खात नव्हतीस. तू गेली असतीस. मला दुसरं कुणी नाही. सगळी खरी होती. त्यातलं एक मी बोललोही. "तू मेली असतीस, आत्या."

"मेले असते. माझी मी मेले असते." तिचा आवाज चढला नव्हता. "मला विचारायचं होतंस. मी न्हाई म्हटलं असतं, एवढंच न्हवं? एक गोष्ट माझ्या हातात होती रं. ती पण तू माझ्या नावानं ठरवलीस. आणि वर मी इथं थंडीत माझ्या जिभेला शिव्या देत बसले, ते तू ऐकून गेलास."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. तांदूळ पाखडल्याचा आवाज होत राहिला. मी पुढे वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय थंडगार होते. तिनं ते मागे घेतले नाहीत आणि माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. आज हे लिहीत असतानाही ती कणकुंबीलाच आहे. एवढं मात्र कळलं आहे की ती आता दोन्ही वेळा जेवते.

त्या दिवशी तिच्या पायांशी मी म्हणालो ते असं. "आत्या, मी चुकलो. पाप तुझ्या जिभेचं नव्हतं, माझ्या जिभेचं होतं. आप्पांचं पान मी राखलं, तुझं राखलं नाही. मला माफ कर."